खोगिरातला काथ्या

ते जुनं खोगीर अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तेव्हा रत्नागिरीत पोलीस निरीक्षक होतो. पालीच्या आतल्या बाजूला एका गावच्या देवळातून ते नाहीसं झालं. देवाचा घोडा कधीच गेला होता, तरी शिमग्यात पालखीपुढे खोगीर डोक्यावर घेऊन चालायची रीत होती. ते ठेवायच्या कोठीची किल्ली गुरवाकडे असायची. गावाने बोट त्याच्याकडेच दाखवलं आणि पिढ्यांची पूजा काढून घ्यायचं ठरवलं.

मीही त्याला दोन दिवस ठाण्यात बोलावून बाकावर बसवलं. खोगिराला कधी हात लावलास का, असं विचारलं की खाली बघत "नाय" म्हणायचा. खोटं बोलतोय हे कळत होतं. म्हटलं, चोर हाच. इथे मी साफ चुकलो.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याने मोबाईलवर फोटो पाठवला. हमरस्त्यावर जुन्या वस्तूंच्या दुकानात एक खोगीर आलं होतं. जाऊन पाहिलं. लाकडी सांगाडा तडकलेला, पितळी खिळे हिरवे पडलेले, चामड्याचे पापुद्रे सुटलेले आणि वरून ताजं पॉलिश. दुकानदार म्हणाला, घाटावरच्या एका घराण्याचं आहे, चार पिढ्यांत कुणी उसवलेलं नाही. आत काय भरलंय, मी विचारलं. घोड्याचे केस, तो बेधडक म्हणाला. मी ते जबाबात लिहून सही घेतली. माणूस जास्त बोलायला लागला की त्याला अडवू नये.

देवळाकडे खोगिराचे फोटो होते, पण सगळे लांबून काढलेले. गुरवाला बोलावून सरळ सांगितलं, ओळख पटली नाही तर खोगीर दुकानदाराचं आणि चोरी तुझ्या नावावर. पंचनाम्याला बोलावलेले पंच त्याच्याच गावचे होते. त्यांच्यादेखत तो शेवटी म्हणाला, "सायेब, आत काथ्या हाय. उंदरान गादी कुरतडलीन, मीच भरून शिवलंय. देवाची पूजा करणारा चामडं शिवतो म्हटल्यावर गाव काय म्हणलं आसतं?"

शिवण उसवली. नारळाचा काथ्या बाहेर आला. दुकानदाराचं तोंड उतरलं आणि खोगीर विकणाऱ्याचं, म्हणजे देवळाचं आणि कोठीचं रंगकाम करून गेलेल्या माणसाचं नाव त्याने मुकाट्याने सांगितलं.

पंचांतले म्हातारे गृहस्थ गुरवाला एवढंच म्हणाले, "देवाचंच शिवलंस ना रे? मग झालं." पूजा त्याच्याकडेच राहिली. एवढ्या एका वाक्याची खात्री नव्हती म्हणून हा भला माणूस तुरुंगात जायला निघाला होता!

पूर्वी खोटं पकडलं की गुन्हा सापडला असं मला वाटायचं. त्यानंतर मी आधी बघत आलो, हा घाबरतोय कशाला? त्या गुरवाची मी सगळ्यांदेखत माफी मागितली. वर्दीत असताना मागितलेली ती एकच माफी, आणि तिची मला लाज वाटत नाही.