रोमबाहेरचे डोंगर

रोम बघून झाल्यावर मुलाने आम्हाला शहराबाहेर फिरायला नेलं. बसमधून उतरताच नांगरलेल्या ओल्या रानाचा वास आला आणि सत्तरच्या दशकातली, साताऱ्याकडच्या आमच्या गावातली एक दुपार आठवली.

मी नवी सून होते. माझे सासरे, आबा, महायुद्धात इटलीला लढून आले होते. त्यांच्याबरोबर भरती झालेला शेजारचा शंकर तिकडेच पडला. त्याची आई, तानूआक्का, आबा एकटेच परतल्यापासून आमच्या घराची पायरी चढली नव्हती. त्या दुपारी ती आपणहून सोप्यात आबांसमोर येऊन बसली.

"किसना, माझा शंकर हाय त्यो मुलूख कसा हाय रं?"

आबा रोमची कारंजी, दगडी पुतळे सांगू लागले.

"शहर नगं. भाईरचं सांग."

"आपल्या वाईवानी हाय, आक्का. चारी बाजूनं डोंगर, मधनं नदी."

म्हातारीचं मन राखायला सांगताहेत, असं मला तेव्हा वाटलं. ते खरंच होतं, हे आज दिसलं.

तानूआक्का पदराने डोळे टिपत म्हणाली, "मंग करमलं आसंल त्याला."

आणि माझ्याकडे वळली. "पोरी, च्या ठेव गं. किसनालाबी दे."