नवसाच्या बोकडाचा मुतखडा

देवाच्या बोकडाला मूठभर दाणे टाकल्याशिवाय आमच्या दारावरून कुणी पुढं जात नव्हतं. पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला लागून आमचं घर. येणारे-जाणारे थांबायचे. कुणी पिशवीतून मका काढायचं, कुणी गव्हाचा कोंडा आणायचं, कुणी लग्नातल्या उरलेल्या पोळ्या. बोकडाच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि तोच हात कपाळाला लावायचा. बाकीच्या शेळ्या दादाबरोबर डोंगराला काटेरी पाला ओरबाडत हिंडायच्या, आणि हा खुंट्याला बांधलेला, खाऊन-खाऊन लई माजलेला. मी म्हणायची, "माय, अगं जरा हिंडू दे त्याला. अति तिथं माती." माय म्हणायची, "देवाचा हाय तो. तू तुझ्या कंपनीत डबे मोज."

कंपनी चितेगावची. मी तिथं पॅकिंगला आहे, खोली करून तिकडंच राहते आणि सुट्टीच्या दिवशी माहेरी येते. घरात माय, दादा आणि वहिनी. वडील कधीच गेले. आमच्या घरात मायचा शब्द म्हणजे शेवटचा, आणि माझं तोंड म्हणजे मायच्या भाषेत कातरी.

वहिनीचं पोट दोनदा रिकामं झालं होतं. तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा माय वावराच्या कडेच्या म्हसोबाला जाऊन बोलून आली: लेकरू सुखरूप हाती येऊ दे, बोकड देईन. कळपातला सगळ्यांत देखणा काळा बोकड तिनं निवडला. नवसाचा बोकड अव्यंग लागतो. कान फाटका चालत नाही, शिंग मोडकं चालत नाही, खच्ची केलेला तर नाहीच नाही. इथवर ठीक होतं. पण बांधताना माय सगळ्यांसमोर बोलून गेली, "हा जसा धडधाकट, तसं पोटातलं धडधाकट."

मला ते तेव्हाच आवडलं नव्हतं. असलं बोलू नये. एकदा तोंडातून गेलं की घरातलं प्रत्येक माणूस त्यावर नजर ठेवून बसतं. वहिनी सकाळी उठली की आधी बोकडाकडं बघायची, मग चूळ भरायची.

वहिनीला आठवा लागला होता. त्या रविवारी मी आले तर लांबूनच आवाज ऐकू आला. शेळी विते तेव्हा ओरडते तसा, पण हा थांबतच नव्हता. बोकड मागचे पाय ताणून, पाठ कमानीसारखी करून उभा होता. शेपूट सारखं थरथरत होतं. कण्हायचा, जोर करायचा, दात करकरा खायचा, आणि खाली एखाददुसरा लालसर थेंब पडायचा. पोटाखालच्या केसांना वाळूसारखे बारीक कण चिकटले होते.

"काल रातीपसनं असंच चाललंय," दादा म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं.

मायनं पोट धरलं समजून तेल पाजलं होतं. मग मिरच्या उतरवून नजर काढली. मग शेजारचे काका आले. त्यांना स्वतःला कधीतरी मुतखडा झाला होता, म्हणून त्यांनी कुळथाचं पाणी पाजायला सांगितलं, आणि दादानं तांब्यावर तांब्या पाजलं. एवढं करून बोकड आणखीच फुगला होता.

"वहिनी कुठंय?" मी विचारलं.

मायनं मानेनंच दाखवलं. घराचं दार बंद होतं आणि बाहेरून कडी घातलेली. "दोन जिवाच्या बाईनं मुकं जनावर तडफडताना बघू नी."

"अगं पण ऐकू तर येतंय ना तिला! पत्र्याचं घर ते."

"ऐकू आलं तर चालतंय."

घ्या! मी कडी काढून आत गेले. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात पोटावर. सकाळपासून ती अन्नाला शिवली नव्हती. बोकड ओरडला की तिचे डोळे मिटायचे. मी म्हटलं, "होईल गं बरा." मी बाहेर आले, तशी मायनं कडी पुन्हा घातली. मला भीती वाटत होती, खरं सांगते. बोकडाची नाही, ह्या बाईची. हा मेला तर ही धसक्यानं काय करून घेईल? मी फोन लावून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर मोटारसायकलवर आले. खाली बसून बघितलं, पोट दाबून बघितलं आणि पहिल्यांदा विचारलं, "धान्य किती घालता ह्याला?"

"घालतात की सगळेच," दादा अभिमानानं म्हणाला.

"तिथंच घात झाला. दाणा जास्त, पाला कमी, पाणी त्याहून कमी. मुतखडा झालाय ह्याला. लघवीच्या पिशवीत बारीक-बारीक खडे धरलेत." मग कुळथाचं ऐकल्यावर डॉक्टर उखडलेच. "अहो, जायची वाट बंद आणि तुम्ही वरून ओतताय! पिशवी तटतटलीय आत."

त्यांनी दादाकडून बोकडाला कुल्ल्यावर बसवून धरवलं आणि मला बोलावून दाखवलं. बोकडाच्या इंद्रियाच्या टोकाला गांडुळासारखा एक बारीक तुकडा असतो. तो काळानिळा पडला होता. "वाट इथं सगळ्यांत अरुंद. खडा इथंच अडकलाय. एवढा तुकडा कापला की बऱ्याचदा धार सुटते. पुढं काही अडत नाही जनावराचं. मग दाणा बंद करायचा, पाणी वाढवायचं, औषध देतो."

"मग कापा," मी म्हटलं.

"हात लावायचा नाय!" माय अशी ओरडली की डॉक्टर दचकले. "अव्यंग बोललेय मी. कापलेलं जनावर देवापुढं नेऊ? अन् मग देवानं बी काय कापून घेतलं तर?"

काका मागं सरकले. दादा जमिनीकडं बघत राहिला. मी मायशी भांडले, अगदी तावातावानं भांडले. म्हटलं, मेलेला बोकड अव्यंग असतो का? देवाला एवढं दिसतं तर हे दिसत नाही का? माय म्हणाली, "तू चार बुकं शिकलीस, देव नाय शिकलीस." दादाला विचारलं तर म्हणे, "माय म्हणंल तसं." आणि ह्या सगळ्यावर बोकडाचं ओरडणं, कान फाटतील असं.

डॉक्टरांनी दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "विचार बदलला तर लगेच फोन करा. उशीर करू नका."

दुपार कशी गेली ते आठवू नये. माय खुंट्याजवळ बसून देवाचं नाव घेत होती. रस्त्यानं जाणारा एकजण नेहमीसारखा मूठभर मका टाकून, पाठीवर हात फिरवून गेला, आणि कुणी त्याला अडवलं नाही.

ऊन कलता-कलता आवाज थांबला.

मी मोरीत तोंड धूत होते, पळत आले. बोकड सरळ उभा होता. पाठ खाली आलेली, शेपूट शांत. दादानं सुबाभळीचा डहाळा पुढं धरला तर त्यानं पानं ओढली. मायच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "देव तारी त्याला कोण मारी!" असं म्हणत तिनं त्याच्या कपाळाला हळद लावली, नारळ फोडला आणि जाऊन घराचं दार उघडलं. वहिनीला आत ताट वाढलं. ती जेवायला लागली. पिठलं-भाकरी खाल्ल्याचा तो आवाज ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

आनंदाच्या भरात मी डॉक्टरांना फोन केला. "बरा झाला हो! उभा राहिला, पाला खातोय!"

डॉक्टर म्हणाले, "मुतला का?"

मी खाली वाकले. त्याच्या पायाखालचं गोणपाट कोरडं होतं. पोट मात्र दोन्ही बाजूंनी सैल होऊन खाली लोंबत होतं.

"नाही," मी म्हटलं.

"मग पिशवी फुटली असणार, ताई. तटतटलेली होती म्हणून कळ होती. आता सगळं पोटात सांडलंय म्हणून आराम वाटतोय त्याला. विष पसरंल. आता कापून काही उपयोग नाही."

मी फोन खाली घेतला. मायनं माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं. तिच्या हातातली नारळाची कवड तशीच राहिली. "बोलू नको," ती पुटपुटली. "तिला जेवू दे."

बोकड दुसऱ्या दिवशी गेला. वहिनीला पुढं मुलगी झाली, सुखरूप. आता अंगणभर पळते. पण त्या संध्याकाळी हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही दोघी मायलेकी एकमेकींकडं न बघता उभ्या होतो, तेवढ्यात वहिनी हात धुऊन बाहेर आली. ती गंगापूरकडची, मेंढरांमागं वाढलेली. तिनं बोकडाच्या पोटाखाली हात घातला, बाहेर काढला, पदराला पुसला.

"फुटली ना?"

मायनं कवड खाली ठेवली.

"आवाज थांबला तव्हाच कळलं मला. माझ्या बापाचा एडका असाच गप झाला व्हता."

"अन् तरी जेवलीस?" मायला राहवलं नाही.

"पोटातलं उपाशी व्हतं, आत्या. ते काय बोकडाच्या पोटात हाय व्हय?" ती थांबली नाही. "डॉक्टर कापू म्हणले तव्हा मी दाराला लागूनच उभी व्हते. कापा, कापा म्हणून वरडले. त्याच्या वरडण्यात कुणाला ऐकू आलं नाय. पोट माझं, नवस माझ्या पोटाचा. आत्यांनी इचारलं नाय, ह्यांनी इचारलं नाय."

मग ती माझ्याकडं वळली.

"अन् ताई, तुम्ही तर एवढ्या भांडलात माझ्यासाठी. दार उघडून मला इचारावं, असं तुम्हाला बी नाय वाटलं?"