स्कूटरमागे, आठच्या वेगाने

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर हसताना सांडाल. आणि आमच्या रानशेत गावातल्या कुणी माझ्या संसाराबद्दल काही कानावर घातलं असेल, तर ते विसरा!

मी शाळेत विज्ञान शिकवतो. रोज सकाळी मी आणि बायको व्यायामाला जातो. ती भराभर चालते, मी हळूहळू धावतो. गंमत म्हणजे घरी परत पोहोचतो ते बरोबरच! तरी रविवारी चारोटीहून फाफडे आणले की मोठा वाटा माझा. का? मी धावतो ना!

एकदा ती म्हणाली, "अहो, वेग तर एकच. मग तुमची शक्ती जास्त खर्च होते कशावरून?"

प्रश्न बिनतोड. मलाही राहवेना. ठरलं, मी एकाच वेगाने एकदा धावायचं, एकदा चालायचं, आणि दोन्ही वेळा तिने नाडी मोजायची. धावताना जास्त भरली तर फाफडे माझे, चालताना भरली तर सगळे तिचे. वेग बदलू नये म्हणून ती पुढे स्कूटरवर, काटा ताशी आठ किलोमीटरवर. आहे की नाही शास्त्रशुद्ध?

धावणं मजेत झालं. मग चालणं. अरे देवा! आठच्या वेगाने चालून बघा कधीतरी! कंबर एकीकडे, हात भलतीकडे, पोटऱ्यांत नुसती आग. आणि पाय आपोआप धावायलाच बघतात. का बरं बघत असतील? मी विचार करतोय तोच ती मागे वळून ओरडली, "धावायचं नाही! चाला!"

चिकूच्या वाडीतून एक मावशी बाहेर आल्या. "अगं बाई, नवऱ्याला असं पळवतात का?"

"पळवत नाही मावशी, चालवतेय!"

मागून चारोटीला निघालेला एक रिक्षावाला आला. "मॅडम, झालं गेलं सोडा ना. बसवा सरांना मागे!"

मला बोलायला श्वास होता कुठे? मी दोन्ही हात हलवून 'नाही, नाही' केलं. त्याला वाटलं, मी विनवण्या करतोय.

दहा मिनिटांत चारोटीहून सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, पोरीने तुम्हाला रस्त्यात उतरवलं म्हणे? भांडण कशावरून?"

मी धापा टाकत खरं तेच सांगितलं. "फाफड्यांवरून!"

पलीकडून हळू आवाजात, "मी पाठवतो हो फाफडे. पण संसार मोडू नका."

नाडी चालतानाच जास्त भरली. "ही लाजेने वाढलीय," मी म्हटलं, "उद्या पुन्हा मोजू."

पण पुन्हा कसली मोजतोय! मी रस्त्यावर चार पावलं टाकली की कुणीतरी बाइक थांबवतंच. "बसा सर, वहिनींपर्यंत सोडतो." नको म्हटलं तर माझीच समजूत घालतात.

सासऱ्यांचे फाफडे दर रविवारी येतात आणि ती माझ्यासमोर बसून कुरुमकुरुम खाते. मी मात्र एक शोध पक्का लावलाय. सगळ्यात कमी शक्ती लागते ती लोकांच्या बाइकवर मागे बसायला. पुरावा हवाय? हे पोट बघा!