चक्कीचा पट्टा

मी बोलतो भरपूर, लिहितो त्याहूनही जास्त. जबलपूरमधल्या आमच्या ओळखीपाळखीत, न मागता मत देणारा मुलगा अशीच माझी ख्याती आहे. पण ही एक गोष्ट माझ्या तोंडून कधी निघाली नाही. बाबांजवळ नाही. रूथजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, ते मलाही नीट माहीत नाही. तुम्ही समोर नाही आहात, म्हणून असेल.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा फॅक्टरीत, युनियनमध्ये. जबलपूरच्याच गोरखपूर भागातल्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत आणि मी अक्षरं त्यांच्यावरच शिकलो. स्वतःचं नाव लिहिता येण्याआधी मला ‘कामगारांनो’ हा शब्द वाचता यायचा. त्या कागदांतून एक गोष्ट अंगात मुरली — आपलं म्हणणं ऐकवायचं असेल तर आधी मशीन थांबवायचं. मशीन थांबलं की साहेब खाली येतो. बाबांनी ते करून दाखवलं होतं. मला त्यांचा अभिमान होता. अजूनही आहे.

समोरच्या घरात जोसेफकाका राहायचे. मूळचे अचलपूरकडचे, रेल्वेतून रिटायर झालेले, बायको वारलेली, एक मुलगी — रूथ. गल्लीत मराठी घरं दोनच, त्यामुळे आमची पुरणपोळी तिकडे जायची आणि त्यांचा नाताळचा केक इकडे यायचा. रूथबद्दल काय सांगू? ती माझं लिहिलेलं वाचून हसली की मला ते सगळं फाडून नव्यानं लिहावंसं वाटायचं. एवढं पुरे.

काकांच्या चर्चनं डिंडोरीच्या बाजूला, डोंगरावरच्या एका छोट्या चर्चला आटाचक्की द्यायचं ठरवलं. तिथल्या बायका दळण डोक्यावर घेऊन डोंगर उतरायच्या आणि पीठ घेऊन पुन्हा चढायच्या. अख्खा दिवस त्यातच जायचा. चक्की, डिझेल इंजिन आणि दोघांना जोडणारा रबरी पट्टा — सगळ्या सामानाची जबाबदारी काकांची होती. उचलायला हात हवे होते. रूथ जाणार होती, म्हणून मी तयार झालो. पण तसं कबूल कसं करणार? मी म्हटलं, मला तिथली परिस्थिती पाहायची आहे.

“काहून रे कॉम्रेड,” पिकअपवरचा दोर आवळत काका म्हणाले, “चर्चच्या गाडीत बसून राहिला, बाटशील ना!”

“त्याला कोण बाटवते, बाबा? आधी त्याचं भाषण ऐकावं लागेल,” रूथ म्हणाली.

मीही हसलो. काकांनी पट्टा माझ्या डोळ्यांदेखत जुन्या चादरीत गुंडाळला आणि सीटमागे ठेवला. एकदा ठेवून, पुन्हा हात लावून पाहिला.

वाटेतलं कुंडम गाव मागे पडलं, सालाची झाडं सुरू झाली. रूथनं संत्रं सोललं आणि अर्धं माझ्या हातात दिलं — विचारलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही, जणू अर्धं माझंच असतं. तो प्रवास मला परत हवा आहे. वर पोचेपर्यंतचाच. त्यापुढचा नको.

वर मातीच्या भिंतींचं, पत्र्याचं चर्च होतं आणि त्याला लागून एक खोली. चक्कीसाठी ओटा बांधून तयार होता. बायका टोपल्या घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या. काहींच्या टोपलीत मका, काहींच्या गहू. सामान उतरवल्यावर तिथल्या पास्टरनं — रबरी चपला घातलेला, माझ्याच वयाचा गोंड मुलगा — चक्कीवर हात ठेवून प्रार्थना म्हटली. काही बायकांनी डोक्यावर पदर ओढून मान खाली घातली आणि माझं डोकं तापलं. चक्की चर्चच्याच खोलीत का? शाळेत का नाही? जी बाई मान खाली घालणार नाही, तिचं दळण कोण दळणार?

प्रश्न चुकीचे होते का? मला आजही तसं वाटत नाही. पण मी ते विचारले का? नाही. मी गाडीकडे गेलो, चादरीचं ते गाठोडं काढलं आणि माझ्या सॅकमध्ये, कपड्यांखाली दाबलं.

बेत साधा होता. शोधाशोध होईल, मग मी उभा राहीन आणि म्हणेन — चक्की शाळेत बसवा, पट्टा देतो. साहेब खाली येईल.

शोधाशोध झाली. काकांनी गाडी रिकामी केली, सीट उचलली, इंजिनखाली वाकून पाहिलं. “मीच ठेवला होता ना गं?” असं रूथला पुन्हा पुन्हा विचारलं. तिनं ठेवताना पाहिलं नव्हतं. पाहणारा मी होतो. टोपलीवर हात ठेवून बसलेली एक बाई मोठ्यानं म्हणाली, “दद्दा, मशीन तो ले आए, अक्कल जबलपुर में धर आए?” सगळ्या हसल्या. काकाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

पास्टरनं बायकांना सांगितलं, “सबका पिसेगा, चर्च आओ चाहे मत आओ. बस, आज नहीं.”

माझ्या प्रश्नाचं उत्तर मी न विचारता आलं होतं. आता तरी? सॅक माझ्या खांद्यावरच होती. पण आता ती उघडली असती तर मी कोण ठरलो असतो — रूथसमोर? बायकांनी टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि त्या उतरू लागल्या. मी मशीन थांबवलं होतं. साहेब कुठेच नव्हता.

“मी पाठवतो पट्टा,” मी पास्टरला म्हणालो. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले.

मी पाठवला नाही. सापडला म्हणून सांगायचं तर कुठे सापडला म्हणायचं? नवा घेता आला असता. त्या दुकानावरून मी रोज जायचो. तरी नाही घेतला. तिकडे डोंगरावर सगळे माझ्या भरवशावर थांबले होते. रूथनं विचारलं तेव्हा म्हणालो, नवा घेऊन बसनं पाठवला. महिन्यानं तिनं पुन्हा विचारलं तेव्हा म्हणालो, बसवाल्यानं हरवला असेल. शेवटी काकांनीच नवा पट्टा घेतला आणि भर पावसात, बस जिथवर जाते तिथवर बसनं आणि पुढे पायी, दुखऱ्या गुडघ्यानं तो वर पोचवला. “माह्याच हातून राहिला होता ना बाप्पा,” ते माझ्या आईला म्हणाले. चक्की सुरू झाली. आता सगळ्यांचं दळण तिथेच दळलं जातं.

पण काकांमध्ये काहीतरी बंद पडलं. आधी ते गॅस दोनदा पाहू लागले. मग कुलूप लावून गल्लीच्या टोकावरून परत यायचे. चर्चच्या सामानखोलीच्या किल्ल्या त्यांनी स्वतःहून परत दिल्या — माह्यावर भरवसा नका ठेवू म्हणाले. ज्या गोष्टी त्यांना पक्क्या आठवत होत्या, त्याही ते रूथला विचारू लागले. रूथनं नागपूरची नोकरी आधी नाकारली होती. मला वाटायचं — वाटू द्या मला — की त्यात थोडा मीही होतो. आता तिनं ती घेतली. बाबांना दिवसभर एकटं कसं ठेवू, तिथे मावशी आहे, डॉक्टर आहेत, असं ती मला समजावून सांगत होती आणि मी मान हलवत होतो. “तू होतास म्हणून बरं,” असंही ती म्हणाली.

स्टेशनवर त्यांचं सामान मीच चढवलं. रूथ पाण्याची बाटली आणायला खाली उतरली. काकांनी मला शेजारी बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, “खरं सांग बेटा, रागावणार नाही मी. त्या दिवशी मी पट्टा गाडीत ठेवला होता का? मले अजूनही दिसते — चादर, सीटच्या मागं, दोनदा हात लावला. असं कसं दिसते रे, ठेवलाच नसेल तं?”

ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. मी हो म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

“नाही काका,” मी म्हणालो. “नव्हता ठेवला.”

त्यांनी मान डोलावली आणि माझ्या पाठीवर थोपटलं. रूथ बाटली घेऊन आली. गाडी सुटायला अजून बराच वेळ होता.