पाटलाचा सातचा रिपोर्ट

प्लेगच्या दुसऱ्या वर्षी आमच्या कंपनीची ड्युटी शीव कोळीवाड्यावर लागली. काम घरं तपासण्याचं. तापाचा माणूस सापडला की उचलून इस्पितळात पाठवायचा. ब्रह्मदेशात गोळ्या चुकवताना मी डगमगलो नाही, पण लोकांच्या चुलीपर्यंत बूट घालून जायची मला लाज वाटे.

पहिल्याच सकाळी कोळीवाड्याचा धाकू पाटील वाटेत आडवा उभा राहिला.

“सरकार तुमचा, त्याला आमची ना नाय. पन वाड्यान आमचं पंच बघतील. आजारी कोन, ते मी रोज सात वाजता येऊन सांगन.”

आमच्या तरुण लेफ्टनंटसाहेबांनी मान्य केलं. अट एकच: रिपोर्ट चुकला की सर्च.

सोळा दिवस चुकला नाही. पाटील उजाडताच घरोघर फिरे, आपलं घर शेवटी बघे आणि सातच्या ठोक्याला आमच्यासमोर हजर. लोक आजारी माणूस लपवत नसत, कारण विचारणारा त्यांचाच होता.

सतराव्या दिवशी सात वाजले. पाटील नाही. साहेब घड्याळ बघत येरझाऱ्या घालू लागले. माझाही पाय एका जागी ठरेना.

सात दहा.

“साहेब, थोडं थांबू या. माणूस शब्दाचा पक्का आहे.”

“पाच मिनिटं, हवालदार.”

सव्वासात. “सर्च!”

मी ऑर्डर दिली. जवान घरांत घुसले. भांडी अंगणात आली, बायका शिव्या देऊ लागल्या.

सात वीसला पाटील गल्लीतून आला. पाठीवर बायको, तापाने फणफणलेली.

“आज एक. माझेच घरान.” मग त्याला उघडी दारं दिसली. “हवालदार, मी येतच होतो रं.”

सगळा वाडा तपासला. दुसरा आजारी निघाला नाही.

“साहेब, रिपोर्ट खरा होता.”

“लेट होता.”

पंचांचा कारभार तिथेच संपला. दुसऱ्या दिवसापासून लोक आजाऱ्यांना होडीत घालून खाडीपलीकडे लपवू लागले. पाटील बायकोबरोबर इस्पितळात गेला. दोघंही परतली नाहीत.

हल्ली गिरगावात स्वराज्यावर भाषणं होतात. मला बसवत नाही, मध्येच उठून येतो. तसला कारभार मी सोळा दिवस डोळ्यांनी पाहिला आणि माझ्याच तोंडच्या हुकमाने मोडला.

आमचे दोन शिपाई, गणू आणि नामदेव, त्याच तापाने गेले. त्यांची आठवण काढताना मी आधी धाकू पाटलाचं नाव घेतो. तोही ड्युटीवरच गेला.