गोजरबाईची कवळी

पिंपळगाव रेणुकाईत, गाव संपून रानाची वाट लागते तिथं गोजरबाईचं पत्र्याचं घर आहे. नवरा रायभान जिवंत होता तोवर दारात मेंढरं होती. तो गेल्यावर ती एकेक करून विकली गेली, अन् गोजरबाई रोजानं मिरच्या तोडायला जायला लागली. साठी गाठता गाठता तिच्या तोंडात एकही दात उरला नाही. भाकर दुधात, नाहीतर नुसत्या पातळ कोरड्यासात कुस्करायची अन् गिळायची. बोलताना आपसूक पदर तोंडावर जायचा. नव्या सुना म्हणायच्या, गोजरबाई लई लाजाळू. जुन्या बायांना हसू यायचं. मेंढरांमागं असताना तिची आरोळी नदीपल्याड ऐकू जायची, ते त्यांना ठाऊक होतं.

शेवटची मेंढरं विकून आलेला पैसा तिनं काकासाहेबाकडं दिला होता. काकासाहेब गावातला बोलका, बड्या ओळखीचा माणूस. मोबाईलवर चकाकणाऱ्या नाण्याचं चित्र दाखवायचा अन् सांगायचा, "ह्यात टाका, सालभरात दुप्पट." साल सरायच्या आत ते ॲप बंद पडलं. "माझेबी बुडाले," असं काकासाहेब म्हणाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या दारात नवी मोटारसायकल उभी राहिली.

अशा गावात अर्पिता नावाची संस्थेतली मुलगी आली आणि तिनं नेमकं नाण्याचंच नाव काढलं. परदेशातली काही माणसं असलीच मोबाईलवरची नाणी दान करतात, ती म्हणाली. तिकडंच ती लगेच विकून त्यांचे पैसे होतात, अन् ते पैसे इथल्या सगळ्यात नडलेल्या बायांच्या खात्यात येतात. कशावर खर्च करायचा ते बाईनंच ठरवायचं. नाणं म्हटल्याबरोबर निम्म्या बाया उठून चालू लागल्या. गोजरबाई बसून राहिली.

"आमच्याकडून काय घेणार पोरी?"

"काहीच नाही, मावशी."

"मंग टाक. माझ्याकडं बुडायला आता राह्यलंच काय?"

पैसे खरंच आले. बँकेतल्या माणसाला तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, तो वैतागला, पण पैसे होतेच.

बातमी गावभर झाली अन् काकासाहेबानं रेणुकामातेच्या सभामंडपात बैठक बोलावली. माणसं पुढं, बाया खांबांच्या मागं. काकासाहेब म्हणाला, "बायांच्या हातात पैसा टिकत न्हाई. आपण समिती करू. सगळ्यांचा पैसा एका जागी आणू अन् पुन्हा नाण्यात लावू. देणाऱ्यानं नाणंच दिलंय, तर नाण्यातच वाढू द्या. ह्या बारीला कंपनी बराबर हाय."

काहींनी माना हलवल्या. गोजरबाई उभी राहिली. तिचा पदर खांद्यावर होता, तोंडावर नव्हता, अन् हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"आधी माझी मेंढरं कुठं गेली ते सांगा काकासाहेब. मंग नव्या कंपनीचं बोलू."

"ते येगळं, हे येगळं."

"येगळं हाय तर मंग ह्याला हात लावू नका. ज्यानं दिलं त्यो मला वळखत न्हाई. माझं नाव त्याला नीट घेताबी यायचं न्हाई. तरी त्यानं इश्वास टाकला. मी लगीन होऊन आले तवापासून तुमी मला वळखता, अन् तुमचा माझ्यावर इश्वास न्हाई."

"बरं, मंग काय करणार तू त्या पैशाचं?"

"दात बसवणार."

सभामंडप हसला. माणसं हसली, खांबांमागच्या बायाही हसल्या. गोजरबाई हसू थांबेपर्यंत उभी राहिली.

"हसा," ती म्हणाली. "तुमाला दात हायेत."

समितीचं त्या दिवशी काही ठरलं नाही, पुढंही ठरलं नाही.

जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला असलेल्या तिच्या लेकाचा, बिभीषणाचा, फोन आला. गावातलं कोणीतरी त्याला बोललं होतं.

"माय, पत्रे गळून राह्यले अन् तू दात बसवती? लोक काय म्हणतील?"

"पत्र्याखाली बादली ठेवते बाबा. तोंडाखाली काय ठेवू?"

तो नरमला. मग म्हणाला, "भोकरदनला डॉक्टरकडं कवा जाणार? मी येऊ का संगं?"

"नको. तुझा रोज बुडंल. मी जाते."

भोकरदनच्या डॉक्टरनं तिच्या तोंडात गुलाबी लगदा भरून माप घेतलं. तिला उमळून आलं, डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण तिनं तोंड मिटलं नाही. कवळी बसली तेव्हा आरशातली बाई तिला ओळखू येईना. अन् ती कवळी टोचायची. हिरड्या सोलल्या, घास आणखीच अवघड झाला. कंटाळून तिनं ती डब्यात टाकली, तेव्हा शेजारची आशाबाई म्हणाली, "पैसा पाण्यात गेला की गं." गोजरबाईनं दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवली अन् डबा घेऊन पुन्हा भोकरदन गाठलं. "घासून दे," ती डॉक्टरला म्हणाली. "बसल्याबिगर मी जात न्हाई." घासून, लावून, पुन्हा घासून ती एकदाची बसली.

मग एक दिवस अर्पिता फोटो काढायला आली. ती जरा अवघडलेली होती.

"मावशी, ऑफिसातले म्हणतात, शेळी घेतली असती तर बरं दिसलं असतं. देणाऱ्यांना तसले फोटो आवडतात. आशाबाईंची शेळी घेऊन नुसत्या उभ्या राहता का?"

"देणाऱ्यानं शेळीची अट घातल्ती का?"

"नाही."

"मंग त्याला खरं सांग. लोकाची शेळी दाखवून पैसा घेतला तर माझ्यात अन् काकासाहेबात फरक काय राह्यला?"

अर्पितानं मोबाईल बाहेर काढला. मग तिनं विचारलं, "मग कसला फोटो काढू?"

गोजरबाईनं टोपल्यातली भाकर घेतली, वर शेंगदाण्याची चटणी घातली अन् चावायला लागली. जबडा हलतोय, ओठाला चटणी लागलीय, असा तो फोटो. ऑफिसातल्यांना तो आवडला नाही. अर्पितानं तोच पाठवला. परदेशात तो कोणी पाहिला की नाही, ते गोजरबाईला कधी कळलं नाही. पुढच्या खेपेचे पैसे मात्र बायांच्या खात्यात आले, अन् त्या बारीला आशाबाईनं कोणालाही न विचारता न्हाणीला दार बसवून घेतलं.

मिरचीच्या बाजारात काकासाहेब चहाच्या हॉटेलापुढं चार माणसांत बसला होता. गोजरबाई मालकाच्या मिरच्यांचं पोतं डोक्यावर घेऊन जाताना दिसली तसा तो म्हणाला, "गोजरबाई, दाखव की तुझे परदेशी दात."

तिनं पोतं खाली टेकवलं. तशीच चालत त्याच्यापुढं गेली, वाकली, अन् सगळे दात दिसतील असं तोंड उघडलं. काकासाहेब खुर्चीसकट मागं सरकला.

"नीट पाहून घ्या," ती म्हणाली. "हे मोबाईलात न्हाईत. माझ्या तोंडात हायेत."

माणसांतला एकजण खाकरला. गोजरबाईनं पोतं पुन्हा डोक्यावर घेतलं अन् वजनकाट्यापाशी मिरच्या तोलून घ्यायला गेली.