परत आलेल्या मालाची रेघ

तो दिवस अजून मनातून गेलेला नाही. ऐंशीच्या दशकाची अखेर होती आणि मी बीदरला फौजदार होतो. सकाळी सरकारी दवाखान्यातून ठाण्यात फोन आला. एका खाजगी दवाखान्यात सलाईन लावल्यावर दोन बायका थंडी भरून बेशुद्ध झाल्या होत्या. बाटल्या जप्त केल्या. मुदतीच्या तारखेवर नवी चिठ्ठी डकवलेली होती, ती नखाने सुटली.

संशय तिथल्या कंपाउंडरवर गेला. दुपारभर विचारलं, त्याचं एकच उत्तर. "म्या चिठ्ठी लावली न्हाई साहेब. ठोक दुकानातून माल असाच आला."

ठोक औषध व्यापाऱ्याने कॉम्प्युटरवर छापलेली यादी पुढे ठेवली. त्या बॅचचा माल मुदत संपल्यामुळे परत माल म्हणून बाजूला काढल्याची त्यात नोंद होती. म्हणजे दुकानाने तो विकलाच नाही, दवाखान्यातल्या जुन्या बाटल्यांवर कंपाउंडरनेच चिठ्ठ्या लावल्या, असं मी धरलं; छापील कागदाला भुललो. कंपाउंडरला लॉकअपमध्ये घातलं.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात कॉम्प्युटर चालवणारी बाई स्वतःहून ठाण्यात आली. म्हणाली, "साहेब, ती यादी खोटी न्हाई. पण ती एकाच टेबलातली, म्हंजी नोंदींच्या एकाच तक्त्यातली हाय. टेबलं एकमेकाला कशी जोडलीत ते बघायला चला."

दोन पंच घेऊन गेलो. तिने पडद्यावर चार चौकोन आणले: खरेदी, परत माल, विक्री, गिऱ्हाईक. चौकोनांना जोडणाऱ्या रेघा होत्या. तिने एका रेघेवर बोट ठेवलं. "हा बॅच नंबर बघा. परत मालात आला, अन् तोच पुन्हा विक्रीत गेला. गोदामातली प्रत्येक नोंद मीच कॉम्प्युटरवर चढवते."

मालक मागून ओरडला, "हे कामून दाखवायलीस?"

"बाया मरायल्यात, शेठ," ती वळूनही न बघता म्हणाली.

"आणखी कुठं गेला हा माल?" मी विचारलं. विक्रीवरून गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या रेघेने सहा दवाखाने सापडले. एक पार अफझलपूर तालुक्यातल्या करजगी गावचा. लगेच सगळीकडे वायरलेस केला. अफझलपूरचा हवालदार मोटारसायकलने करजगीला पोहोचला, तेव्हा एका बाळंतिणीच्या खाटेशी बाटली टांगून झाली होती. सुई टोचायची तेवढी बाकी होती.

पंचांसमोर नोंदी छापून घेतल्या आणि मुदत संपलेल्या बाटल्यांवर नव्या चिठ्ठ्या लावून त्या विकल्याची मालकाने कबुली दिली. दवाखान्यातल्या दोघीही पुढे बऱ्या झाल्या. कंपाउंडरला सोडताना मी उभा राहून माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, "माझ्या आईला तुमीच सांगा." मी त्याच्या घरी जाऊन तिला सांगितलं. म्हातारीने मला बसायला चटई टाकली.

कॉम्प्युटर चालवणाऱ्या त्या बाईची नोकरी गेली. बऱ्याच महिन्यांनी तिला दुसरीकडे काम मिळालं.

हातातला कागद खरा असला, तरी तो पुरा आहे का, हे मी त्यानंतर प्रत्येक तपासात विचारत आलो. नोकरीत पुष्कळांनी मला खरं सांगितलं, पण बहुतेकांनी मी दरडावल्यावर. ती न बोलावता आली होती. एक बाळंतीण वाचली, आणि एका निरपराध माणसाचं आयुष्य माझ्या हातून बरबाद व्हायचं राहिलं. मी तिचा ऋणी आहे.